दत्तक गेलेल्यांचे मेळावे

'दत्तक' हा शब्द महाराष्ट्राला अपरिचित नाही. शाळेत मराठ्यांचा इतिहास शिकलेल्या प्रत्येकाची त्याच्याशी पहिली गाठ पडते ती लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत. 1848 साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज यांनी अंतकाळी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मान्य केला नाही व राज्य खालसा केले. पुढे झाशी व नागपूर यांच्या बाबतीतही दत्तकाचा हक्क असाच नाकारण्यात आला. ठाणे जिल्ह्यातील शाळांतून हा धडा मी अनेक वर्षे शिकवीत आलो. त्या धड्यात गव्हर्नर-जनरलचा हेतू असतो, राण्यांचे अर्ज असतात, खलिते आणि वकील असतात. मात्र ज्याला दत्तक घेतले तो मुलगा एक अक्षरही बोलत नाही. त्याचे मूळ नाव काय व नवे नाव काय, एवढे सांगितले की ग्रंथकाराचे त्याच्याशी काम संपते.

आजच्या भाषणात मी या न बोलणाऱ्या मुलाविषयी चार शब्द बोलणार आहे. कारण आपल्या पिढीत एक अपूर्व गोष्ट घडली आहे. बालपणी परक्या देशात, परक्या भाषेत व परक्या चालीरीतींत दत्तक गेलेली माणसे प्रौढपणी एकमेकांस शोधून काढू लागली आहेत, ठरल्या दिवशी एकत्र जमू लागली आहेत, आणि आपल्या जन्माची हकीकत आपल्याच तोंडाने सांगू लागली आहेत. दत्तकाच्या इतक्या दीर्घ इतिहासात 'दिलेल्या'ने असे समुदायाने बोलावे हे बहुधा प्रथमच घडत आहे. हे कसे घडले आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, याचा विचार आपण करू.

प्रथम आपल्या जुन्या चालीकडे पाहू. 'दत्तक' म्हणजे दिलेला. जुन्या शास्त्राच्या दृष्टीने या प्रसंगी एक देणारा व एक घेणारा. मूल हे दानाचा विषय. वंश खुंटू नये, पिंडोदक चालावे, वतन व गादी राहावी, हे दत्तकविधानाचे प्रयोजन. मुलाचे गोत्र बदले आणि पुष्कळदा नावही बदले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातील गोपाळराव 1875 साली बडोद्यास गेले व सयाजीराव झाले. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर आले व शाहू झाले. दोघांनीही आपल्या प्रजेचे असे कल्याण केले की महाराष्ट्र त्यांना कधी विसरणार नाही. तथापि हे फळ त्या मुलांच्या कर्तृत्वाचे होते. दत्तक देते वेळी कोणी त्यांच्या मनाचा कौल घेतला असेल असे समजण्याचे कारण नाही.

याच काळात महाराष्ट्रात दत्तकाचा दुसरा, अधिक कोवळा अर्थही उदयास येत होता. 1863 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे प्रसूत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आपलासा केला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगात मातेबरोबर रुग्णांच्या सेवेस उभा राहिला. 1875 साली पंढरपुरास प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम सुरू केला. येथे गादी नव्हती, वतन नव्हते. मुलासाठी घर शोधण्याची ही दृष्टी होती. जातीची सीमा ओलांडून दुसऱ्याचे मूल पोसता येते, हे फुले दांपत्याने दीडशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. परंतु देशाची सीमा ओलांडून आलेले मूल पोसण्याचा प्रसंग आपल्या भूमीवर यायचा होता. तो दुसऱ्या महायुद्धात आला.

सप्टेंबर 1939 मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडवर चाल केली. रशियाच्या ताब्यात गेलेल्या मुलखातील लक्षावधी माणसे 1940 व 1941 साली सैबेरिया, कझाकस्तान आदी प्रदेशांत हद्दपार झाली. थंडीने व उपासमारीने त्यांतील पुष्कळ मेली. जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर वारे फिरले आणि 1942 साली लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक इराणमध्ये सुटून आले. त्यांत आईबापांवाचून राहिलेली मुले होती. अशा मुलांची पहिली तुकडी त्याच साली मोटारलॉऱ्यांतून इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईस वांद्र्याला काही महिने राहून ती काठेवाडात नवानगर संस्थानातील बालाचडी येथे गेली.

नवानगरचे अधिपती जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी या मुलांना आश्रय दिला. आता तुम्ही पोरकी नाही, मी तुमचा बापू आहे, अशा आशयाचे त्यांचे स्वागताचे बोल त्या मुलांनी आयुष्यभर जपून ठेवले. येथे इतिहासाचा एक योगायोग सांगण्याजोगा आहे. जामसाहेब स्वतः दत्तक गेलेले. क्रिकेटपटू म्हणून जगप्रसिद्ध झालेले रणजितसिंह हे त्यांचे चुलते; त्यांचे हे दत्तक वारस. आणि रणजितसिंहांना तर बालपणी जाम विभाजींनी दत्तक घेऊन, पुढे मुलगा झाल्यावर दूर सारले होते. दत्तकपणाचे दोन्ही अनुभव त्या घराण्याला होते. युद्ध संपल्यावर या मुलांना पोलंडच्या नव्या साम्यवादी राजवटीकडे सक्तीने पाठवण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा अनाथ मुलांना कागदोपत्री दत्तक घेऊन त्यांचे रक्षण करण्यात आले, व त्या कामात जामसाहेब अग्रभागी होते.

आपल्या महाराष्ट्रात याहून मोठी पोलिश वसाहत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 साली वसली. सुमारे 5,000 माणसे तेथे राहिली. त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती, कारण पुरुष रणांगणावर होते किंवा मरण पावले होते. या मुलांना कोणी विधिपूर्वक दत्तक घेतले नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु जी वर्षे मूल आईच्या मांडीवर आणि गावाच्या अंगणात काढते ती वर्षे त्यांनी पंचगंगेच्या खोऱ्यात काढली. कौलारू बराकींच्या ओळी, पोलिश शाळा, चर्च, दवाखाना, नाटकघर आणि बालवीरांची पथके असे एक लहानसे पोलंडच तेथे उभे राहिले. बाहेर पडले की कोल्हापूरचा बाजार आणि मराठी बोली. 1946 साली बालाचडीची मुलेही येथे आली. 1948 साली वसाहत उठली. काही पोलंडला परतले. बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे दाही दिशांना पांगले. जे मेले ते कोल्हापूरच्या दफनभूमीत राहिले.

आपल्यापैकी कल्याणच्या आसपास राहणाऱ्यांना पुढील गोष्ट सहज समजेल. पोल मंडळी गेल्यावर वळिवड्याच्या त्या वसाहतीत फाळणीमुळे निर्वासित झालेले सिंधी बांधव आले, आणि तिचे गांधीनगर झाले. त्याच सुमारास कल्याणजवळील युद्धकालीन लष्करी छावणीतही जवळजवळ एक लाख सिंधी निर्वासित उतरले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथील नव्या नगराची कोनशिला बसली व उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील पत्ता विचारला तर माणसे 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतात. छावणी उठली तरी छावणीचे नाव जिभेवर राहते. वळिवड्याच्या मुलांचे हेच झाले. ती लंडनमध्ये आजोबा-आजी झाली तरी एकमेकांस वळिवड्याची माणसे म्हणूनच ओळखत राहिली.

या मंडळींनी 'हिंदुस्थानातील पोल, 1942 ते 1948' अशा अर्थाचे नाव धारण करणारे मंडळ स्थापिले. ते मेळावे भरवू लागले, जुनी छायाचित्रे गोळा करू लागले, मेलेल्यांची नावे लिहून ठेवू लागले. 2000 साली लंडनमध्ये त्यांनी कागदपत्रे व आठवणी यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. 1998 साली कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारकस्तंभ उभारला गेला. सप्टेंबर 2019 मध्ये त्यांतील काही वृद्ध मंडळी वळिवड्यास पुन्हा येऊन गेली. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, कोल्हापूरच्या ऋणाचे स्मारकही आहे, आणि ऑगस्ट 2024 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी दोन्ही ठिकाणी पुष्पचक्र वाहिले.

आता कोणी विचारील, एवढ्या वर्षांनी जमायचे कशासाठी? श्रोतेहो, याचे उत्तर आपल्या डोंबिवलीत मिळेल. येथे कोकणातील किती गावांची मंडळे आहेत! अमुक ग्रामविकास मंडळ, तमुक ग्रामस्थ मंडळ. वर्षातून एकदा एखाद्या शाळेच्या सभागृहात स्नेहसंमेलन, मुलांचे गुणगौरव, हळदीकुंकू, आणि शिमग्याला व गणपतीला गावी जाण्याची सिद्धता. त्या सभेत कोणी कोणाला 'तुम्ही कुठले?' असे विचारीत नाही. मला वाटते, संमेलनाचे खरे सुख त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे. आठवड्याचे सहा दिवस ज्याला आपले गाव, आडनाव व बोली यांचा खुलासा करावा लागतो, त्याला सातव्या दिवशी खुलाशातून सुटका मिळते.

परदेशी दत्तक गेलेल्या माणसाला ही सुटका कोठे मिळणार? त्याची कातडी एका देशाची, नाव दुसऱ्या देशाचे. घरात आईवडील प्रेमळ, परंतु आरशात त्यांची छटा नाही. जन्मभूमीत आला तर भाषा येत नाही. पोषणभूमीत राहिला तर प्रत्येक अनोळखी माणूस विचारतो, 'तुम्ही मूळचे कुठले?' त्याचे गाव नकाशावर नसते. त्याच्यासारखी आणखी माणसे जेथे जमतील तेच त्याचे गाव. वळिवड्याच्या मुलांना निदान सामाईक आठवण होती, एक नदी व एक रेल्वेस्टेशन होते. ज्यांना तान्हेपणी एकेकटे नेले त्यांना तेवढेही नसते. म्हणून त्यांचे मेळावे अधिक उशिरा सुरू झाले आणि त्यांची गरजही अधिक खोल होती.

याचे सर्वांत मोठे उदाहरण कोरियाचे. 1950 ते 1953 च्या कोरियन युद्धानंतर दक्षिण कोरियातून मुले अमेरिकेत व युरोपात दत्तक जाऊ लागली. हा ओघ अनेक दशके चालला व दीड लाखाहून अधिक मुले बाहेर गेली. सप्टेंबर 1999 मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरी अशा सुमारे 400 प्रौढ दत्तकांचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळावा भरला. पाच वर्षांनी, 2004 साली, तो जन्मभूमीतच, सेऊल येथे भरला. या मेळाव्यांत नाचगाणे झाले, जेवणावळी झाल्या. पण त्याहून महत्त्वाचे असे की माणसांनी आपापले कागद एकमेकांपुढे ठेवले. वेगवेगळ्या देशांत वाढलेल्यांच्या कागदांवर एकच ठरावीक मजकूर दिसू लागला, तेव्हा शंका उपजली. पुढे मार्च 2025 मध्ये त्या देशाच्या सत्यशोधन आयोगाने जाहीर केले की आईबाप हयात असलेली कित्येक मुले अनाथ म्हणून नोंदली गेली होती व इतरही गैरप्रकार झाले होते. एकेकट्या माणसाला 'तू कृतघ्न आहेस' म्हणून गप्प बसवता येते. चारशे माणसांना तसे गप्प बसवता येत नाही.

आता हा विषय आपल्या दारापर्यंत आणतो. महाराष्ट्राने परक्या मुलांना छाया दिली, तसेच आपली मुले परदेशी पाठवलीही. विशेषतः 1970 नंतर पुणे व मुंबई येथील संस्थांतून अनेक मुले स्वीडन, नॉर्वे, हॉलंड, बेल्जियम, जर्मनी, इटली, अमेरिका अशा देशांत गेली. त्या काळी परदेशी दत्तकाचा स्वतंत्र कायदा नव्हता. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाने विदेशी दांपत्यास पालक नेमावे, आणि त्यांनी आपल्या देशी जाऊन दत्तक पुरे करावे, अशी वहिवाट होती. 1972 साली सर्वांसाठी दत्तकाचा कायदा करण्याचे विधेयक आले. ते तडीस गेले नाही. 1982 साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी या व्यवहारातील गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. त्यावर न्यायमूर्ती भगवती यांनी 6 फेब्रुवारी 1984 रोजी जो निकाल दिला तो या विषयातील मैलाचा दगड आहे. मुलासाठी प्रथम स्वदेशी घर शोधावे, संस्थांची छाननी व्हावी, पैशाचा व्यापार होऊ नये, असे नियम त्याने घालून दिले. आणि याच निकालपत्रात एक शहाणपणाची गोष्ट आहे: मूल जाणते झाल्यावर त्याने जन्मदात्यांविषयी विचारले तर ती माहिती त्याला देण्यास मोठा आक्षेप असू नये. न बोलणाऱ्या मुलाला आपल्या न्यायालयाने वाचा दिली ती या वाक्यात.

1990 साली केंद्रीय दत्तक संस्था स्थापन झाली. 1993 चा हेग करार भारताने 2003 साली मान्य केला. मुलाच्या मूळाविषयीची माहिती जतन करणे हे त्या करारानुसार राज्याचे कर्तव्य आहे. आजच्या नियमांप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झालेली दत्तक व्यक्ती स्वतः आपल्या मूळाच्या शोधासाठी अर्ज करू शकते. ज्या मातेने आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल तिची संमती मात्र आवश्यक आहे. आणि ते न्याय्यच आहे, कारण या गोष्टीत तीही एक न बोललेली व्यक्ती आहे.

1970 व 1980 च्या दशकांत गेलेली ती बालके आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांतील काहींचे भाग्य जगाला दिसले. 1979 साली पुण्यात जन्मलेली व ससून रुग्णालयाच्या आवारातील श्रीवत्स या बालगृहातून दत्तक गेलेली लैला पुढे लिसा स्थळेकर या नावाने ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. येथेही नाव बदललेच. परंतु बहुतेकांची नावे वर्तमानपत्रांत येत नाहीत. ती माणसे शांतपणे नोकरी करतात, मुलेबाळे वाढवतात. आणि स्वतःच्या मुलाने 'आजी कशी दिसत होती?' असे विचारले की थबकतात. मग ती आपल्यासारख्या इतरांस शोधतात, परदेशातील एखाद्या सभागृहात जमतात, खिचडी व पापड करून पाहतात, आणि त्यांतील कोणीतरी पिवळ्या पडलेल्या कागदाची घडी उलगडून विचारतो, 'येथे मराठीत काय लिहिले आहे?'

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर देणे हे आपले काम आहे. त्या कागदावर बहुधा एखाद्या रुग्णालयाचे नाव असेल, एखाद्या पोलीस ठाण्याचा जावक क्रमांक असेल, आणि एखाद्या परिचारिकेने किंवा अधीक्षिकेने घाईत ठेवलेले नाव असेल. त्या नोंदीची दुसरी प्रत आपल्याकडे, कोठल्या तरी कपाटात आहे. ती वाळवीने खाल्ली तर त्या माणसाचे पहिले पान कायमचे गेले. पेशव्यांच्या दप्तरातील एकेका रुमालासाठी ज्या महाराष्ट्रात विद्वानांनी आयुष्ये वेचली, त्या महाराष्ट्राला दप्तराचे महत्त्व मी काय सांगावे? राजघराण्यातील दत्तकाची सनद आपण काचेखाली ठेवतो. टाकलेल्या मुलीच्या भरतीची नोंदवही ही तिची सनदच आहे, आणि तीही तितक्याच आदराने जपली पाहिजे.

दुसरे, अशी व्यक्ती आपल्या दारी आली तर तिचे स्वागत कसे करावे? ती पाहुणी नव्हे आणि फिर्यादीही नव्हे. 'इतके चांगले मिळाले, आता मागचे कशाला उकरता?' हा आपल्याकडचा सर्वसाधारण उपदेश. वळिवड्याचे पोल कोल्हापूरला परत आले तेव्हा त्यांना हे कोणी म्हणाले नाही; त्यांच्या येण्याचा आपणास अभिमानच वाटला. परक्याच्या मुलाने आपली आठवण काढली तर ती कृतज्ञता, आणि आपल्या मुलाने आपली आठवण काढली तर ती कुरकुर, हा न्याय कोणता? पाळणाऱ्यांवरील प्रेम आणि जन्म देणारीची ओढ ही एकाच अंतःकरणात सुखाने राहू शकतात. कृष्णाला देवकी व यशोदा या दोन्ही माता होत्या, हे प्रत्येक गोकुळाष्टमीला आपण गातो. त्यात कोणाला विसंगती दिसत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही नगरे तर बाहेरून आलेल्यांचीच आहेत. येथे कोणी कोकणातून आला, कोणी घाटावरून, कोणी सिंधमधून. आपापल्या मेळाव्यांनी आपण सर्वांनी आपला जीव सांभाळला. म्हणून दूरदेशी वाढलेल्या या आपल्याच लेकरांच्या मेळाव्याचे मर्म समजणे आपणांस कठीण जाऊ नये. वळिवड्याच्या पिढीतील आता थोडीच माणसे उरली आहेत. त्यांनी आपला इतिहास लिहून ठेवला म्हणून तो आपल्याला ठाऊक झाला. आपल्या बालगृहांतून गेलेल्यांचा इतिहास अजून लिहून व्हायचा आहे. तो तेच लिहितील. ज्या दिवशी ते आपल्याकडे पहिला कागद मागतील त्या दिवशी तो आपल्यापाशी शाबूत असावा, एवढे करणे आपल्या हाती आहे.